अण्णांची एकमेव चूक

सांगायला बसलोय खरा, पण माझ्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा. मी स्वतः हल्ली ठेवत नाही. का? तीच तर फजिती सांगतोय!

आमचे मित्र अण्णा क्रीडा पत्रकार. घरोघरी केबल आली, लोक सोफ्यावर बसून परदेशातले सामने बघायला लागले, तरी हा माणूस सायकल मारत बँकांच्या, ऑफिसांच्या क्रिकेट स्पर्धांना जायचा. बारा ओळींची बातमी, पण लिहायचा कसोटी सामन्यासारखी!

पुढे अण्णा गेले. कर्वेनगरात शोकसभा ठरली आणि बोलायला कोणाला सांगावं? मला! मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, डॉक्टरेट वगैरे. पण माईक दिसला की पळ काढणारा. आयटीतल्या मुलाने भाषण मोठ्या अक्षरांत छापून दिलं. मी ते सतरा वेळा तपासलं.

जाड भिंगांचा चष्मा सावरत सुरुवात केली, "अण्णांनी आयुष्यात एकच चूक केली, आणि ती मी पकडली!"

हशा पिकला. मला केवढा हुरूप आला म्हणून सांगू!

मग सगळं सांगितलं. एका बँकेच्या अंतिम सामन्यात विजयी चौकार सणसांनी मारला, असं अण्णांनी छापलं. मी तिथे हजर होतो. मारला होता गोडबोल्यांनी! तेव्हा आमची ओळखही नव्हती; मी पत्र टाकलं. अण्णांचं पोस्टकार्ड आलं, 'आपण प्राध्यापक, शिवाय प्रत्यक्ष पाहणारे. खुलासा छापतो.' आणि छापला!

"केवढं हे मोठेपण!" मी गहिवरलो.

तिसऱ्या रांगेतून टक्कल पडलेले एक गृहस्थ उठले.

"ते पत्र तुमचं होय?"

"हो… आपण?"

"सणस. चौकार मीच मारला होता."

मी घाईने भाषणाचा कागद उलटून पाहिला.

"अहो, तेव्हा माझं लग्न ठरत होतं. अण्णांच्या बातमीचं कात्रण आम्ही मुलीकडच्यांना दाखवलं होतं. तिचे वडील क्रिकेटवेडे. लगेच होकार! चौथ्या दिवशी तेच गृहस्थ खुलासा घेऊन दारात. म्हणाले, चौकाराबद्दल खोटं सांगणारा पगाराबद्दल काय सांगत असेल?"

सभा शोक विसरली.

"गोडबोले कुठे असतात?"

"अमेरिकेत, मुलाकडे."

"मग विचारा की ईमेल करून!"

अध्यक्ष थंडपणे म्हणाले, "आपण श्रद्धांजलीला जमलो आहोत. पंचांच्या चौकशीला नव्हे."

सणसांच्या पत्नीने त्यांची बाही ओढली. "अहो, बसा खाली. ती सुटली, मी सापडले. सरांचे आभार मानायचे की नाही, हे माझं अजून ठरत नाहीये."

निदान तेव्हा तरी मी गप्प बसावं की नाही? छे! "मी या डोळ्यांनी पाहिलंय!" असं ठणकावून खाली बसलो.

मग दोन मिनिटं स्तब्धता. पूर्ण दोन मिनिटं सणस माझ्याकडे रोखून बघत होते. मला कसं कळलं? मीही डोळे मिटले नव्हते!

त्यानंतर कितीतरी वर्षं मनात तेच घोळत राहिलं. चूक अण्णांची की माझी?

गेल्या वर्षी आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. माळा उपसताना जुनी डायरी हाती लागली. घाईघाईने सामन्याच्या दिवसाचं पान काढलं. अक्षर माझंच, शंकाच नको:

'सकाळी चष्मा फुटला. दुरुस्तीला टाकला, परवा मिळेल. दुपारी अंतिम सामना पाहिला. मजा आली.'