चमच्याचमच्याने कमी झालेला भात

गल्लीतले सगळे त्यांना मामी म्हणत, आणि त्यामुळे त्यांचे बसड्रायव्हर नवरे आपोआपच मामा झाले होते. मामींचं शिलाई मशीन स्वयंपाकघराच्या दाराशीच असे. इकडे डाळ शिजे, तिकडे बाह्या जोडल्या जात. ढगळ सदरा अंगाबरोबर करून द्यावा तो मामींनीच! शिवण कुठे आत घेतली ते गिऱ्हाइकाला शोधून सापडत नसे, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता.

मामांना मधुमेह निघाला तेव्हा डेपोच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांची मुदत. तेवढ्यात साखर उतरली नाही तर गाडी हातची जाणार आणि डेपोच्या फाटकावर राखणीला बसावं लागणार. सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला ही शिक्षाच होती. तरी मामींनी उकडलेल्या भाज्यांचं वेगळं ताट पुढे ठेवताच मामांनी ते सरकवलं. आजाऱ्याचं जेवण आपल्याला चालणार नाही म्हणाले, तडक स्टँडवर गेले आणि गोड पाव खाऊन आले. मिशांना लागलेली साखर मात्र पुसायची राहिली.

मामींनी वाद घातला नाही. बाई हट्टी, पण तोंडाळ नव्हे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिवणीची रीत ताटाला लावली: थोडं थोडं आत घ्यायचं आणि कळू द्यायचं नाही. भात आठवड्याला एक चमचा कमी झाला. डाळ दाट झाली, रश्शातल्या बटाट्यांची जागा हळूहळू शेंगांनी घेतली, चहातली साखर अर्ध्यावर आणि मग चिमटीवर आली. घरात सगळ्यांना तेच, म्हणजे वेगळं ताट नाही आणि रुसवाही नाही. मामा मिटक्या मारत जेवायचे. सहा आठवड्यांनी पँट कमरेत आत घ्यायला घेऊन आले, वर लाँड्रीवाल्याने कापड ताणल्याची तक्रार! मामींनी हसू दाबून टाके घातले.

आणि एका दुपारी मामांनी भर रस्त्यात बस कडेला घेतली. हात थरथरत होते, सदरा घामाने चिंब झाला होता. कंडक्टरने साखर चारली म्हणून सावरले. निरोप मिळताच मामी हातातलं काम टाकून दवाखान्यात धावल्या.

डॉक्टर कोड्यात पडले होते. साखर इतकी खाली का जावी? खाण्यात काही बदल केला का, असं त्यांनी विचारलं.

"तसूभरही नाही," मामा छातीठोकपणे म्हणाले.

मामींनी मनात हिशेब मांडला. बसमध्ये चाळीस माणसं होती. आता गप्प बसलं तर गोळ्या तेवढ्याच राहणार आणि साखर पुन्हा अशीच खाली जाणार. सांगितलं तर मामा पुन्हा ताट सरकवणार आणि गाडी कायमची जाणार.

"बदल मी केलाय," त्या म्हणाल्या. "दीड महिना, यांना न सांगता."

डॉक्टरांनी मामींना चांगलंच फैलावर घेतलं, गोळ्या कमी केल्या, आणि यापुढे ताट बदललं की आधी आपल्याला कळवायचं, अशी तंबी दिली. मग केसपेपर पुन्हा एकदा वाचून, जेवण मात्र हेच ठेवा म्हणाले.

घरी पोचल्यावर दारात चपला काढताना मामा म्हणाले, "मला फसवलंस."

"फसवलं. तुमच्या जिवावर बेतलं असतं. चुकलंच माझं."

मामा ओट्यापाशी आले आणि काय काय केलंस ते दाखव म्हणाले. मामींनी डाळीपासून चहापर्यंत सगळं उलगडून सांगितलं. इतक्या चवीने आपण शेंगा खाल्ल्या, यावर त्यांचा विश्वासच बसेना. त्या दिवसापासून भात ते स्वतः वाढून घेऊ लागले.

मुदत संपली आणि रिपोर्ट चांगला आला. गाडी राहिली! मामींना इतका आनंद झाला की जेवताना त्यांचा हात सैल सुटला आणि भाताचा एक चमचा जास्तीचा मामांच्या ताटाकडे निघाला.

मामांनी ताटावर हात आडवा धरला. "नको. सकाळी गाडी काढायचीय."