वीतभर नाळ

दुसऱ्याच्या ऑपरेशनची इतक्या आशेने वाट पाहणारं माणूस माझ्या आतेबहिणीखेरीज अख्ख्या बुंदेलखंडात सापडणार नाही. मी आणि अर्धी झाशी तिला जिज्जी, म्हणजे ताई, म्हणतो. पेशंट शुद्धीवर यायच्या आधी हिचा प्रश्न तयार असतो, "डॉक्टरसाब, जो निकाला, फेंका तो नहीं?" सर्जन जे कचऱ्यात टाकतात त्यातून मूळपेशी वेगळ्या करून वाढवायच्या, हे तिचं प्रयोगशाळेतलं काम. त्या पेशी उद्या कुणाची न भरणारी जखम भरतील, या भरवशावर तिने लग्न, दिवाळी आणि स्वयंपाक या तिन्ही गोष्टी कायमच्या पुढे ढकलल्या.

जिज्जीच्या लेखी माणूस म्हणजे काढून घेण्याजोग्या वस्तूंचं गाठोडं. लग्नात सगळे नवरीचे दागिने बघत असतात तेव्हा ही नवरीच्या काकांच्या पोटाकडे बघून हळहळते, "केवढी इस्टेट नुसती बसून आहे!" माझ्या पाठीवर चरबीची एक गाठ होती. जिज्जी आली की तिच्यावरून हात फिरवून विचारायची, "कशी आहे?" आणि मी बावळट दर वेळी "बरा आहे" म्हणायचो! शेवटी ती गाठ मी ग्वाल्हेरला जाऊन, हिला न सांगता काढवून आलो. जिज्जी अख्खा श्रावण माझ्याशी बोलली नाही.

म्हणून मुलीचं सिझेरियन ठरलं तेव्हा मी उदार होऊन म्हणालो, "जिज्जी, नाळ तुझी." नाळेतल्या पेशी म्हणे सगळ्यात चांगल्या. मुलीने आणि डॉक्टरांनी आनंदाने होकार दिला. घोटाळा एवढाच होता की त्याच नाळेसाठी मी आधी बायकोपुढेही मान डोलावली होती. ती झाशीजवळच्या गुरसराय गावची. तिच्या माहेरी बाळाची नाळ अंगणात पुरतात. "जावई फौजी. आज बबिना छावणी, उद्या कुठे कोण जाणे. अहो, त्या लेकराला आपली म्हणायला एक तरी जागा नको का?" आता याला नाही कोण म्हणेल? मी तर आयुष्यात कुणालाच नाही म्हटलेलं नाही. माझं सगळं चरित्र यात आलं.

सिव्हिल लाइन्समधल्या त्या नर्सिंग होमात, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकाच्या एका टोकाला बर्फाचा डबा घेऊन जिज्जी, दुसऱ्या टोकाला कोरं मडकं घेऊन बायको, आणि मधे मी.

"मडकं कशाला गं?"

"नाळेला. आणि तुमचा डबा?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना फार लक्षपूर्वक वाचू लागलो.

"अगं, महिन्याने मी रिटायर होतेय," जिज्जी म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "मागच्या सगळ्या नाळांना बुरशी लागली. ही शेवटची."

"माझी तर पहिलीच आहे, जिज्जी."

तेवढ्यात दार उघडून सिस्टर बाळाला घेऊन आली. "बधाई हो, लड़की हुई है! और नाल किसको देनी है?"

तोवर डबा आणि मडकं माझ्या मांडीवर टाकून दोघी बाळावर ओणवल्या होत्या. मग जिज्जी मान वर न करताच म्हणाली, "सिस्टर, बित्ता भर मुझे, बाकी सब इनके मटके में।"

"घसघशीत वीत घ्या हो," बायको म्हणाली.

मडकं आमच्या पेरूखाली गेलं. काही आठवड्यांनी जिज्जीने आम्हाला प्रयोगशाळेत बोलावलं. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ओरडलो, "वा, काय दाट वाढल्यात!"

"त्या तुझ्या पापण्या आहेत. हो बाजूला."

बायकोने मात्र नीट पाहिलं. "ह्या तळाला चिकटल्यात का?"

"चिकटतात त्याच जगतात गं. तरंगणाऱ्या धुऊन जातात."

बायको पुष्कळ वेळ डोळा काढेना.

पुढे जिज्जी रिटायर झाली. तिच्या पेशी आता दुसरं कुणीतरी सांभाळतं. जावयाची बदली झाली, बाळ गेलं. परवा आमच्याकडे चहाला आलेली जिज्जी किल्ली शोधताना पर्स उपडी करून बसली, तर त्यातून कापसाची एक पुडी पडली. बायकोने उघडून पाहिली. आत बारशाआधीच गळून पडलेला, बाळाच्या बेंबीवरचा नाळेचा वाळका तुकडा होता.

"जिज्जी, ह्यात जिवंत काही असतं का हो?"

"छे गं. केव्हाच वाळलंय."

"मग?"

जिज्जीने पुडी पुन्हा नीट बांधली, पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवली आणि खिडकीतून पेरूकडे बघत म्हणाली, "फेकवत नाही."