श्यामलानं चाकाला दांडा लावला

आमच्या श्यामलाला गाडी हाकायला कुणी शिकवलं, असं वेल्समधले लोक विचारतात तेव्हा मला हसू येतं. मिरजेच्या स्टेशनबाहेर आमच्या वडिलांचा, अण्णांचा टांगा उभा असायचा. पोरगी चालायला लागली तीच लगाम धरून. तिला कोण शिकवणार? शिकवायचंच असेल तर तिनं या लोकांना शिकवावं.

मी तिचा थोरला भाऊ, सतीश. शाळा आठवीत सोडली. आता लंडनजवळ हाउन्सलोत राहतो, एअरपोर्टच्या कार्गोत फोर्कलिफ्ट चालवतो. आजपर्यंत एका पेटीला ओरखडा पडलेला नाही, शिफ्टमध्ये कुणालाही विचारा. पण आमच्या घराचं नाव काढलं ते श्यामलानं. मिरजेत नर्सिंग केलं, वेल्समधल्या हॉस्पिटलात सिस्टर झाली, आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत घोडागाडी हाकते. नवरा गिरीश चांगला माणूस आहे, पण घरी लॅपटॉपवर बसून ब्रॅकनेलच्या कंपनीचं काम करतो आणि घोडीला लांबून नमस्कार करतो. त्यामुळे शर्यत असली की मी रात्रीच निघतो. बहिणीच्या पाठीशी कुणीतरी चाकाचा माणूस पाहिजे.

या शर्यतीत घोड्यावर बसत नाहीत. मागं दोन चाकांची हलकी गाडी जोडतात, तिला सल्की म्हणतात. तीत पाय पसरून बसायचं आणि हाकायचं. घोड्यानं आपल्या ठरलेल्या चालीनंच पळायचं. चौखूर उधळला तर हाकणाऱ्यानं त्याला बाजूला घेऊन मागं खेचायचं, तोवर बाकीचे निघून जातात. शिवाय विनाकारण उधळला तर त्या घोड्याच्या नावापुढं खूण पडते. अशा खुणा वाढल्या की घोडा शर्यतीबाहेर, पुन्हा परीक्षा देऊन आत यायचं. टांग्याच्या घोड्यांना असली परीक्षा लावली असती तर अर्धी मिरज पायी हिंडली असती. पण इथं तसं आहे.

आमच्या घोडीचं कागदावरचं नाव वेल्श आहे. ते म्हणताना जीभ टाळ्याला चिकटते. आम्ही तिला जास्वंदी म्हणतो. कुणालाच नको होती, चावायची. श्यामलानं तिला माणसात आणली. रात्रभर वॉर्ड सांभाळायचा आणि सकाळी घरी न जाता तबेल्यात जायचं, असं वर्षभर चाललं होतं. घोडीचं वय झालेलं. ऑगस्टची मोठी शर्यत ही तिची शेवटची, त्यानंतर तिला कुरणात सोडायचं ठरलेलं होतं. श्यामलाला ती शर्यत पळायची होती. जिंकायचीच असं नाही, पण घोडीबरोबर शेवटचं पळायचं होतं. मला विचाराल तर जिंकायचीच होती.

आता डॉक्टर अंबरीश. नागपूरचा, हाडांचा सर्जन. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला आरतीचं ताट पहिल्यांदा याच्याच हातात जातं. श्यामलाचं बघून यानंही घोडा घेतला. सल्की नवी, हातमोजे नवे, जॅकेटवर स्वतःची अक्षरं भरतकामानं. घोड्याला खरारा करताना त्याला कुणी पाहिलं नाही, घोड्याबरोबर फोटो काढताना सगळ्यांनी पाहिलंय. आणि हाकायचा कसा? सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये जागा दिसली की लोक घुसतात ना, तसा. मागं कोण आहे, बाजूला कोण आहे, काही बघायचं नाही. वळण आलं की आत.

स्ट्युअर्ड म्हणजे शर्यतीचे पंच. ते दर वेळी त्याला बोलावायचे आणि "प्लीज बी मोर केअरफुल" म्हणून चहा पाजायचे. त्यांची मुख्य मिसेस प्रिचर्ड, पायात गमबूट, गळ्यात दुर्बीण. दुर्बीण कशाला तेच कळत नाही, कारण नको ते सगळं दिसायचं आणि डॉक्टर कधी दिसायचा नाही. मी श्यामलाला म्हणायचो, "अण्णांच्या अड्ड्यावर असा हाकला असता तर संध्याकाळपर्यंत टांग्याची चाकं काढून ठेवली असती त्याच्या."

ती म्हणायची, "दादा, इथं अड्डा नाही. इथं नियम आहेत."

"मग लावा की नियम!"

जुलैच्या शर्यतीत ते झालंच. शेवटचं वळण. श्यामला आतल्या कठड्याला धरून, अर्धी गाडी पुढं डॉक्टर बाहेरून. तिच्या मागं एम्रिस, तिथलाच म्हातारा शेतकरी, नवीन कोवळा घोडा घेऊन. मी कठड्याला टेकून बघत होतो. डॉक्टरची गाडी आत सरकायला लागली. तिथं जागाच नव्हती. श्यामला ओरडली, "बाजू, डॉक्टर! बाजू!" मला ऐकू आलं, लांबच्या मेंढ्यांनासुद्धा ऐकू आलं असेल. हा आपला आत येतोय. आणि मग ते सगळे हॉर्सबॉक्सच्या, म्हणजे घोडे आणायच्या गाड्यांआड गेले, आणि आवाज आला. खर्रर्रर्र.

तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन. टांगेवाला चाबूक उलटा धरतो आणि त्याचा दांडा फिरत्या चाकाच्या आऱ्यांना लावतो. कडकडकड वाजतं, आणि पुढचा समजतो, मागं गाडी आहे, सरळ राहा. अण्णा मारामारीचा माणूस नव्हता, चाबूक घोड्याला कधी लागला नाही, तो चाकालाच लागायचा. इथल्या चाकांवर प्लास्टिकच्या तबकड्या असतात, म्हणून कडकडऐवजी खर्रर्र. बाकी तेच. पण इथं असला आवाज करायला सक्त मनाई. घोडे बुजतात. श्यामलाला ते पाठ होतं. लायसन्सच्या परीक्षेत तिनं ते लिहिलंसुद्धा होतं. पण अंगावर चाक आलं की लिहिलेलं कुठं आठवतं? हात मिरजेला गेला.

गाड्यांआडून बाहेर आले तेव्हा डॉक्टर बाहेर सरकलेला, जास्वंदी खेचून धरलेली, आणि एम्रिसचा घोडा चौखूर उधळलेला. पडलं कुणी नाही. पडलं असतं तर श्यामलाचा पाय गेला असता, आणि जोडायला पुन्हा हाच.

चौकशीचा भोंगा झाला. आम्ही घोडी थंड करत होतो तेवढ्यात डॉक्टर आला, हातात थर्मास.

"श्यामलाताई, फार टेन्शन घेऊ नका. आत आपण दोघांनी एकच सांगू. घोडे जरा बिचकले, कुणाचीच चूक नाही. रेसिंग इन्सिडेंट. या सबंध ट्रॅकवर आपण दोनच मराठी, एकमेकांची तक्रार काय करायची?"

मी म्हटलं, "चाक अंगावर घालताना नाही आठवलं मराठी?"

"सतीशराव, तुम्ही जरा शांत राहा. हे टेक्निकल असतं."

टेक्निकल! ज्याला स्वतःच्या घोड्याचा पट्टा बांधता येत नाही, दर वेळी दुसऱ्याला हाक मारतो, तो मला टेक्निकल सांगत होता.

तो गेल्यावर मी श्यामलाला बाजूला घेतलं. "हे बघ श्यामे. त्याचं काय ते सांग, पण दांड्याचं बोलू नको. गाड्यांआड झालंय, कॅमेऱ्यात नाही. बोललीस तर तुलाही सस्पेंड करतील आणि ऑगस्ट गेला."

ती घोडीच्या मानेवर पाणी ओतत होती. म्हणाली, "एम्रिसचा घोडा का उधळला म्हणून सांगणार मग?"

"त्याचं तो बघेल."

तिनं माझ्याकडं पाठ केली आणि घोडीच्या पायांवर पाणी ओतायला लागली. तिचं हे असलं पाठ फिरवणं मला लहानपणापासून आवडत नाही.

चौकशी एका पोर्टाकॅबिनमध्ये. घोडी आम्हा भावाबहिणीच्या नावावर, म्हणून मला आत बसू दिलं, तोंड न उघडण्याच्या अटीवर. मिसेस प्रिचर्डनं फिल्म लावली. फिल्ममध्ये स्वच्छ दिसत होतं, गाड्यांआड जायच्या आधीच डॉक्टरचं चाक श्यामलाच्या वाटेत. आंधळ्यालाही दिसलं असतं, म्हणजे मिसेस प्रिचर्डलाही दिसलं.

मग बघा याचा मोठेपणा. बाहेर "आपण दोनच मराठी" म्हणणारा माणूस खुर्चीत पुढं सरकला आणि गोड इंग्लिशमध्ये म्हणाला, खरं सांगायचं तर या बाईंनी चाबूक चाकाला लावला, भयंकर आवाज केला, माझा घोडा त्यानं घाबरून आत आला. चेहरा असा, की पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगतोय.

मिसेस प्रिचर्डनं एम्रिसला विचारलं, "तुम्ही मागं होतात. आवाज ऐकलात?"

म्हाताऱ्यानं टोपी हातात फिरवली. श्यामलाकडं बघितलं. त्याची बायको आजारी होती तेव्हा श्यामलाच वॉर्डवर होती. म्हणाला, "काहीतरी ऐकलं. लाउडस्पीकर असेल. माझे कान म्हातारे झालेत."

"मग तुमचा घोडा उधळला कशानं?"

"तो लहान आहे. उधळतो कधीकधी."

मी मनात म्हटलं, सुटलो. डॉक्टर खोटा पडला, म्हातारा आपल्या बाजूचा, आता फक्त ही गप्प बसली की झालं. मिसेस प्रिचर्डनं पेन उचललं, आणि एम्रिसच्या घोड्यापुढं खूण करायला लागली. विनाकारण उधळला.

"थांबा," श्यामला म्हणाली. "ती खूण करू नका. तो विनाकारण उधळला नाही. मी चाकाला दांडा लावला."

मी टेबलाखालून तिला पाय मारला. तो मिसेस प्रिचर्डला लागला बहुतेक, कारण तिनं माझ्याकडं बघितलं.

"आधी डॉक्टर आत आले," श्यामला म्हणाली. "मी ओरडले. त्यांनी ऐकलं नाही. मग दांडा लावला. माझे वडील टांगा हाकायचे, ते असंच करायचे. इथं चालत नाही, मला माहीत आहे. हात गेला. पण घोड्याचा दोष नाही. त्याच्या नावावर का घालता?"

"श्यामला," मिसेस प्रिचर्ड म्हणाली, "याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?"

"हो."

"ऑगस्ट?"

"हो, कळतंय."

डॉक्टरला उरलेल्या सीझनची बंदी लागली, केअरलेस ड्रायव्हिंग म्हणून. या वेळी चहा मिळाला नाही. श्यामलाला ऑगस्ट संपेपर्यंत. एम्रिसच्या घोड्याची खूण पुसली. मिसेस प्रिचर्डनं निकाल वाचताना आवाज जरा खाली आणला. आणायलाच पाहिजे होता. कितीदा केअरफुल, केअरफुल करत बसली, तेव्हाच त्याला घरी बसवला असता तर आमच्या पोरीवर ही पाळी आली असती का?

बाहेर आल्यावर मी खूप बोललो. "एका परक्या घोड्यासाठी स्वतःची शर्यत घालवलीस! अण्णा असते तर..."

"अण्णांनी काय केलं असतं, दादा?"

मी बादली उचलली. जास्वंदीला पाणी पाजायचं होतं.

संध्याकाळी एम्रिस तबेल्यात आला. आल्या आल्या घोडीचे खूर उचलून बघायला लागला. श्यामलानं भिंतीवरचे लगाम काढले आणि त्याच्या हातात दिले. "ऑगस्टला तुम्ही हाका. वळणावर तोंड धरू नका हिचं, तिला आवडत नाही. बोलत राहा फक्त."

"कुठल्या भाषेत?"

"तुमच्या. तिचं मूळ इथलंच आहे."

ऑगस्टला ऊन पडलं होतं. सगळं गाव आलं होतं. डॉक्टरही आला, बंदी हाकायला असते, मिरवायला नसते. घडीची खुर्ची, टोपी, डब्यात सँडविच. खुर्ची टाकली ती नेमकी घोडे परत येतात त्या वाटेवर. श्यामलाला बघून म्हणाला, "ताई, बघा, आत त्या दिवशी गप्प बसला असता तर आज तिथं तुम्ही असता."

श्यामला म्हणाली, "आणि तुम्हीही असता, डॉक्टर. माझ्या वाटेत."

मी सांगतो, असं उत्तर आमच्याच घरात सुचतं.

जास्वंदी तिसरी आली. एम्रिस चांगला हाकतो, पण म्हातारा आहे, शेवटी दोन घोड्यांच्या मधून जायचा धीर केला नाही. श्यामला असती तर गेली असती. हे मी तिथं मोठ्यानं म्हटलं, आणि पुन्हाही म्हणीन. श्यामला ते ऐकत नव्हती. कठड्यावर दोन्ही हात ठेवून ती घोडीकडं बघत होती. डोळे पुसायला तिनं ओढणीपण उचलली नाही.

एम्रिस सल्कीतून उतरला, घोडी सोडवली आणि लगाम श्यामलाच्या हातात दिला. सस्पेंड झालेल्या माणसाला घोडा हाकायला बंदी आहे, चालवत घरी न्यायला नाही. मिसेस प्रिचर्ड दुर्बीण लावून दुसरीकडं बघत होती. या वेळी मी तिला काही म्हणणार नाही.

श्यामला घोडीला घेऊन निघाली. घामानं काळी झालेली जास्वंदी, मान खाली, तिच्या खांद्याला नाक लावून. वाटेत डॉक्टरची खुर्ची, डॉक्टर फोनवर, पाठमोरा.

"बाजू, डॉक्टर!" श्यामला म्हणाली. ओरडली नाही, नेहमीच्या आवाजात म्हणाली.

डॉक्टर असा उडाला की सँडविच गवतात पडलं. खुर्ची उचलून कठड्याला चिकटून उभा राहिला, आणि घोडी त्याच्या नाकासमोरून सावकाश गेली. ते सँडविच तिनं जाता जाता उचललं.