कावळे हाकायची काठी

"पिठाले हात नको लावू. तिकडे बस अन् कावळे हाक."

असं म्हणून समोरच्या घरातल्या अक्कानं माझ्या हातात काठी दिली. सावद्यात, तिच्या गच्चीवर, भर उन्हात, गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापून वाळत घालायचं काम चाललं होतं. शिजवलेल्या पिठाचा घाटा गरम असतानाच भराभर थापावा लागतो. एकटीदुकटीचं ते काम नाही, म्हणून आमच्याकडे आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी असं बायका जमतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी प्रत्येकीच्या घरचे बिबडे थापले. अक्काच्या घरचे तर सगळ्यांत जास्त.

मला छातीचा कॅन्सर झाला होता. जळगावला उपचार सुरू होते, डोक्यावरचे केस गेले होते. निदान झालं तेव्हापासून झोप उडाली होती. जरा डोळा लागला की छातीत धडधडून उठायचे. मग नवरा अन् पोरं झोपलेली बघत पडायचं. हे मी अक्काला मोकळ्या मनानं सांगितलं. माझीच अक्कल. ती म्हणाली, "चार बायकांत ये, हात चालव. अंग थकलं की झोप लागीन."

हात चालव म्हणजे काठी चालव, हे गच्चीवर गेल्यावर कळलं.

एकजण म्हणाली, "हिचं टक्कल पाहून कावळे फिरकायचेच नाहीत." बाकीच्या मान खाली घालून हसल्या. चहा आला. त्यांना कपबशी, मला प्लास्टिकचा ग्लास. तो मी खाली ठेवला तर अक्काच्या सुनेनं चिमटीत धरून फेकला.

कॅन्सर लागत नाही हे अक्काला माहीत नव्हतं? हातात एवढा मोठा मोबाईल, रोज सकाळी गल्लीभर सुविचार पाठवते. तिला सगळं माहीत होतं. पण किळस करायला कोणी हाताशी सापडलं की अशा लोकांना सोडवत नाही. तोंडावर मी तिला अजून अक्का म्हणते, अहो-जाहो करते. इथं करणार नाही.

तरी मी काठी घेऊन बसले. माझा नवरा तिच्याच घरच्या केळीच्या गाड्या भरायचा, म्हणून बसले. उन्हं कलेपर्यंत कावळे हाकले. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

पुढच्या सलाईनला जळगावला गेले, तर शेजारच्या खाटेवर चोपड्याची एक ताई होती. माझ्याहून मोठी, तिच्याही डोक्याला रुमाल. तिनं विचारलं, रात्री झोप लागते का. बस, एवढंच. मला रडू फुटलं. गच्चीवरचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माले तं घरमाच न्यारी थाळी व्हती. मी फेकी दिन्ही. रोग शे, पाप नही." मग स्वतःचा नंबर दिला. "झोप नही उनी तं फोन कर. मी जागीच राहस."

मी फोन करायला लागले. ती भरताच्या वांग्यांवर बोलायची, जावेला शिव्या घालायची, तिला वाटणारी भीतीही सांगायची. झोपेचं डॉक्टरांना सांग, लाजू नको, म्हणाली. मी सांगितलं. त्यांनी संध्याकाळची एक गोळी सकाळी घ्यायला लावली. एकदम गाढ झोप लागली असं नाही, थोडी थोडी लागली. पण जागी असले तरी एकटी नव्हते. वॉर्डातल्या आणखी दोघी आमच्यात आल्या.

मग माझ्या घरची पाळी आली. चुलीवर घाटा रटरटत होता अन् गल्लीतली एकही बाई फिरकली नाही. मला ते ठाऊकच होतं. म्हणून मी चोपड्याला फोन करून ठेवला होता. ताई त्या दोघींना घेऊन एसटीनं आली. अंगणात आमची रुमाल बांधलेली डोकी, अन् मधे घाटा.

अक्का दारात येऊन उभी राहिली. "ह्या समद्या त्याच रोगाच्या? माझ्या घरासमोर बिबड्यांच्या खाटा टाकू नको. नवऱ्याच्या कामाचा इचार कर जरा."

माझे हात घाट्यानं भरलेले होते. म्हटलं, "घाटा थंडा होऊ राह्यला, अक्का. थापायचं असीन तं हात धुवा. नाही तं घरी जा."

ती गेली. दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला तिच्याकडे काम नाही. आता तो रावेरकडे गाड्या भरायला जातो. पहिले दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, मग खाटेवरचा बिबडा उचलून खाल्ला.

मला रात्री अजून जाग येते. येऊ दे. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या अंगणात बिबडे होणार, मी असले तर माझ्या हातानं, नसले तर ह्या बायकांच्या हातानं. तसं त्यांना सांगून ठेवलंय. ज्याला आमची किळस येते त्यानं लांब बसून कावळे हाकावेत. मी आता काठी धरणार नाही.