गाडी नंबर चारचा वरचा मजला

त्या डेपोत मिस्तरींना शोधायचं झालं, तर आधी खाली वाकावं लागे. प्रवाशांना शहर दाखवणाऱ्या दुमजली बसगाड्या तिथे मुक्कामाला असत, आणि गाडीखालच्या खड्ड्यात एका हातात दिवा अन् दुसऱ्या हातात पाना घेऊन मिस्तरी उभे असत. एकतीस वर्षं हाच संसार. शहर त्यांना ठाऊक होतं ते गाडीच्या पोटावरून. चाकामागे माशांचे खवले चिकटले असले, की गाडी बंदरावरून आली. तांबडी माती असली, की दीपगृहाच्या टेकडीवरून. स्प्रिंगचा पाटा तुटला, की बाजाराच्या उतारावर ड्रायव्हरनं घाई केली. आणि समुद्र? समुद्र म्हणजे मिस्तरींच्या लेखी नुसता गंज.

"त्याला काय बघायचं?" ते म्हणत. "माझे सगळे नट खाऊन बसलाय मेला."

जन्म याच शहरातला, म्हणूनच ते बघायचं राहून गेलं होतं. परगावची माणसं तिकीट काढून येत, तोंडाचा आ वासून परत जात. मिस्तरी मात्र सकाळी गल्लीतून डेपोत आणि संध्याकाळी डेपोतून गल्लीत. गाडीच्या वरच्या मजल्यावर ते शेकडो वेळा चढले असतील, पण गाडी उभी असताना, शेडच्या पत्र्याखाली.

मग गाडी नंबर चार खडखड करायला लागली. मिस्तरींनी तिला तीनदा उघडली, तीनदा मिटली. खड्ड्यात ती अगदी गरीब गाय. टेकडीचा चढ लागला, की तोंड सोडायची.

"ती तुमच्यासमोर बोलायची नाही मिस्तरी," ड्रायव्हर म्हणाला. "भरल्या पोटी, चढावरच बोलते. तुम्हीच चला सोबत."

"मी? आणि इथली कामं कोण करणार, तुझा काका?"

शेवटी डेपोच्या साहेबांनीच फर्मान काढलं. सकाळच्या फेरीला जायचं, आवाज शोधायचा.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी धुतलेला डगला घालून, खिशात पाना आणि स्क्रूड्रायव्हर टाकून गाडीत चढले. खालच्या मजल्यावर मागच्या सीटवर बसले आणि वाकून फरशीला कान लावला. शेजारच्या बाईंनी पाय वर घेतले. आरशातून बघत ड्रायव्हर ओरडला, "वर जा हो! आवाज वरून येतो!"

वर एकच जागा रिकामी होती, सगळ्यांच्या पुढची. शेजारी एक म्हाताऱ्या प्रवासी आजीबाई, गळ्यात दुर्बीण. समोर माईक घेऊन उभी असलेली गाईड पोरगी मिस्तरींना ओळखत होती. ती गालातल्या गालात हसली.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मिस्तरींनी दांडा घट्ट धरला. झाडांच्या फांद्या डोक्याला लागतील अशा जवळून जात होत्या. ज्या गल्ल्या त्यांनी जन्मभर खालून पाहिल्या, त्यांचे सज्जे आता डोळ्यांसमोर आले. कुणी केस वाळवत होतं, कुणी पोपटाशी बोलत होतं, दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारा एकटाच व्हायोलिन वाजवत होता. रंगाऱ्यांच्या गल्लीत छपराछपरांवर रंगवलेलं कापड वाळत होतं, लाल, पिवळं, निळं. 'रोज याच्या खालून जातो मी,' मिस्तरींच्या मनात आलं. 'मान वर करायला काय झालं होतं?'

मग बाजार संपला, गाडी वळली, आणि समोरची घरंच संपली.

काठापासून आभाळापर्यंत नुसतं पाणी. उन्हात पेटलेलं, हलणारं, कुठे हिरवं तर कुठे शाईसारखं. बंदराच्या तोंडाशी एक जहाज आत येत होतं. ते इतकं मोठं, की त्याच्यापुढे गोदामं काड्यापेट्यांसारखी दिसत होती. आणि एक चिमुकली बोट त्याला दोरानं ओढत होती, जसं पोर आजोबांचं बोट धरून नेतं. मिस्तरींच्या तोंडून निघून गेलं, "आई गं!"

"पहिल्यांदाच आलात का या शहरात?" आजीबाईंनी प्रेमानं विचारलं.

मिस्तरींनी पाण्यावरची नजर काढली नाही. "जन्म इथलाच," ते म्हणाले. "आलो मात्र आज."

आजीबाईंनी गळ्यातली दुर्बीण काढून त्यांच्या हातात दिली.

टेकडीचा चढ लागला आणि खडखड सुरू झाली. मिस्तरींना क्षणात उमगलं. त्यांच्याच सीटखालच्या पेटीचं झाकण! बिजागरीचा एक स्क्रू ढिला झाला होता. कुणाला इजा व्हावी असं त्यात काही नव्हतं; दोन पिळांचं काम. हात खिशात गेला. तिथेच थांबला. वर पांढरंशुभ्र दीपगृह उभं होतं, खाली सगळं शहर पसरलं होतं, आणि मिस्तरींना एकदम घरची आठवण झाली. हात रिकामाच बाहेर आला.

"सापडलं?" डेपोत परतल्यावर साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. अवघड प्रकरण आहे. उद्या परत जावं लागेल." एकतीस वर्षांतली पहिली थाप, कान तापले. "आणि सोबत एक माणूस लागेल. कान तिखट असलेलं."

"कोण?"

"आमची मंडळी."

साहेबांनी चष्मा काढला, मिस्तरींकडे नीट पाहिलं आणि हसू दाबत म्हणाले, "कान तिखट असणारच. इतकी वर्षं तुमचं ऐकतायत."

बायकोनं आधी उडवूनच लावलं. "तुमच्या त्या तेलकट गाडीत? वेड लागलंय का?" पण सकाळी चांगली साडी नेसून ती सगळ्यांच्या आधी तयार. वरच्या मजल्यावर बसल्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता: ऊन लागतंय, पदर उडतोय, त्या सज्ज्यातली कुंडी पडेल बघा. समुद्राचं वळण आलं आणि पट्टा थांबला. तिनं नवऱ्याची बाही पकडली, ती टेकडीपर्यंत सोडली नाही.

वर पोचल्यावर ती दाटीवाटीच्या छपरांकडे टक लावून बघत राहिली. "अहो, ती निळी टाकी... कपडे वाळतायत तिथे. आपलं घर!"

"हो गं! आपलंच!"

"एवढुसं?" ती म्हणाली. "एवढुशा घरात तीन पोरं वाढवली आपण?"

मिस्तरींना घर नखाएवढं दिसत होतं आणि त्यामागे आभाळाला टेकलेला समुद्र. छातीत काहीतरी मोठं, न मावणारं भरून आलं. परतताना मिस्तरींनी वाकून तो स्क्रू पिळला.

संध्याकाळी त्यांनी साहेबांना खरं काय ते सांगून टाकलं. साहेब रागावले नाहीत. पुढच्या आठवड्यात फळ्यावर नवा नियम लागला: डेपोतल्या प्रत्येकानं वर्षातून एक फेरी वरच्या मजल्यावर बसून करायची, गाडीची तपासणी म्हणून. पहिला नंबर लागला बारा वर्षं गाड्यांच्या काचा पुसणाऱ्या बाईंचा. त्या फेरीवरून आल्या, बादलीपाशी बसल्या आणि फडकं पाण्यात बुडवलं.

"काय हो बाई, कसं वाटलं?" मिस्तरींनी खड्ड्यातून डोकं काढून विचारलं.

बाईंनी हातातलं फडकं हळूच पिळलं.

"मिस्तरी," त्या म्हणाल्या, "समुद्राची एवढी मोठी काच, आणि एक डाग नाही. कोण पुसत असेल हो?"