आवतण द्यायला कोण आलं?

सईला उद्या एकटीला गल्लीत हळदी-कुंकवाचं आवतण द्यायला पाठवायचं, या काळजीनं माझी झोप उडाली. पोरगी सहा वर्षांची. घरात रेडिओ, परक्यांसमोर मुकी! शाळेतल्या बाईंना अजून हिचा आवाज माहीत नाही. मग मी आमच्या शनिवारच्या मंडळाचे किस्से आठवत पडले. सांगायचे राहिलेले किस्से आणि घडी करायचे राहिलेले कपडे, आमच्याकडं दोन्हींचा ढीग!

मंडळ म्हणजे परभणीच्या कॉलेजातले आम्ही तिघं. ग्रीक जाणणारे सर, उर्दूच्या फरजाना मॅडम आणि इतिहासाची मी. जुन्या ग्रीक शिलालेखांचे फोटो लॅपटॉपवर लावायचे आणि त्यातले देवाचे दूत ओळखायचे. हे लोक उत्सवाचं आवतण घेऊन गावोगाव जायचे. त्यांना म्हणत ‘थेओरोस’.

*

पहिल्यांदाच एका बेटावरच्या शिलालेखात हा शब्द मला दिसला. मी त्या माणसांच्या प्रवासाचा नकाशासुद्धा काढला!

सरांनी चष्मा वर केला. “मॅडम, या बेटावर थेओरोस म्हणजे गावचे कारभारी. हे कुठंच गेले नव्हते. बिचाऱ्यांना तुम्ही उगीच बोटीत बसवलं!”

*

पुढं एकच नाव बऱ्याच शिलालेखांत सापडलं. ग्रीक लोक नातवाला आजोबाचं नाव ठेवत, त्यामुळं बापाचं नाव बघावं लागतं. मी काही बघितलं नाही. ‘जन्मभर दूत’ असं ठोकून दिलं.

फरजाना मॅडमनी सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा लेख शेजारी ठेवला, मध्ये दीडशे वर्षं. “अगं, हा दूत हाय का पीर? मरतच न्हाई!”

*

बोरीहून सासूबाई आल्या होत्या. मी काय करते ते त्यांना समजावलं. सणाला माणूस यायचा, दारी उभा राहायचा, वगैरे.

“म्हंजे मुराळी. लेकीला माहेरी न्यायला आलेला.”

“नाही आई, लेक-बीक कुणी नेत नव्हतं.”

“मंग आला कशाला? जेवायला?”

*

सरांचाही एक आहेच. ग्रीक थीटा म्हणजे पोटात टिंब असलेला गोल. टिंब नसेल तर तो नुसता ‘ओ’. एका फुटक्या दगडावर सरांना थीटा दिसला, म्हणजे शब्द थेओरोसच! दुपारभर त्यांनी आम्हाला पटवलं.

फरजाना मॅडमनी ओढणीच्या टोकानं स्क्रीन पुसली. “सर, तुमचा दूत गेला!”

*

आणि हा त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशीचा. सईला मी दगडावरच्यासारखं घोकवलं. आधी स्वतःचं नाव, मग बाबांचं, मग घर, मग “संध्याकाळी हळदी-कुंकवाला या.” ती फाटकाबाहेर पडली आणि दाराआडून बघताना माझे डोळे भरून आले. तिनं एकदा वळून बघितलं, मग गेली.

आली ती दोन्ही गालांत तिळगूळ कोंबून! मी तिला घट्ट धरलं. सुटले बाई एकदाची!

एवढ्यात दारात अख्खी गल्ली. कुणाच्या हाताला पीठ, कुणाचे केस ओले. समोरच्या काकूंनी तर माझ्या कपाळालाच हात लावला. “काय होयलंय गं तुला?”

“सई, काय सांगितलंस तू सगळ्यांना?”

तिनं तिळगूळ गिळला.

“तू शिकवलेलं मी विसरले ना. मग म्हणलं, आई दाराआड रडायलीय, चला.”