रांग मोडायला भाऊंचा विरोध

मी वाचलेला पहिला शब्द ‘निषेध’. आमच्या घरात पाटी-पेन्सिलीच्या आधी पत्रकं होती. वडील सातपूरच्या एका कारखान्यात कामाला होते आणि पाळी संपली की गावभरच्या अन्यायापुढे हजर. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून घरातही ते भाऊच. पत्रकं छापायच्या सायक्लोस्टाइल यंत्राच्या शाईचा वास आमच्या गोधड्यांना यायचा. शाळेतला माझा डबा छपाईत बिघडलेल्या पत्रकात गुंडाळलेला असायचा. मधल्या सुट्टीत मैत्रिणी पोळी-भाजी खायच्या आणि मी पोळीखालची महागाई वाचायचे.

कॉलेजात गेल्यावर मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. नाशिकच्या एका मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलात नगरसेवकाची चिठ्ठी आणणारे मागच्या दाराने थेट डॉक्टरांपुढे जायचे आणि पेठ-सुरगाण्याहून पहिल्या एसटीने आलेली माणसं दुपारपर्यंत बाकावर बसून राहायची. मी लिहिलं, ‘रांग सर्वांना सारखी. कोणीही, कोणत्याही कारणाने, रांग मोडता कामा नये.’ यातलं ‘कोणत्याही कारणाने’ भाऊंनी घातलं. फट ठेवली की तिच्यातून चिठ्ठीवाले शिरतात, असं त्यांचं म्हणणं. आम्ही बापलेकींनी फाटकावर उभं राहून ते वाटलं, ओरडलो, वॉचमनशी भांडलो, आणि काय आश्चर्य, चिठ्ठ्या बंद झाल्या. आमच्या घराने जिंकलेले लढे फार नाहीत. त्यामुळे या विजयाने आम्ही दोघंही जरा फुगलोच होतो.

त्यानंतर वर्षभरातली गोष्ट. इंदिरानगरच्या घरी भाऊ दाढी करता करता खाली बसले. छातीवर कोणी पोतं ठेवलंय असं वाटतंय म्हणाले आणि लगेच दुरुस्ती केली की पित्त असेल. आई निफाडकडची, द्राक्षबागेत वाढलेली. वेलीचा रोग पानावरून ओळखायची तिला सवय. तिने त्यांच्या घामेजलेल्या कपाळाकडे एकदा पाहिलं आणि मला रिक्षा आणायला पिटाळलं.

रिक्षा त्याच हॉस्पिटलच्या अपघात विभागाच्या दारात थांबली. भाऊ उतरले आणि शांतपणे केसपेपरच्या खिडकीकडे निघाले. तिथे मोठी रांग. ते तिच्या शेपटाला उभे राहिले. अहो, छातीत दुखतंय ना तुमच्या, असं आई म्हणाली, तर म्हणाले की इथे प्रत्येकाचंच काहीतरी दुखतंय. आणि मी काय करत होते? मी आईला समजावत होते की तत्त्वतः भाऊंचं बरोबर आहे.

“तत्त्व ठेव तिकडं,” आई म्हणाली. “त्यांचे ओठ बघ.”

ओठ राखाडी झाले होते. पण केसपेपर हातात पडेपर्यंत भाऊ रांगेतून हलले नाहीत. मग अपघात विभागाबाहेरच्या बाकावर, सगळ्यांच्या शेवटी जाऊन बसले.

त्या दिवशी ड्यूटीवर असलेली डॉक्टर माझ्याहून थोडीशीच मोठी असेल. तिची एक पद्धत होती. ती मधूनमधून बाहेर यायची आणि बाकावरचे चेहरे नुसते बघून जायची. जो ओरडतोय त्याच्यात अजून जोर आहे. जो गप्प बसलाय आणि घामाने भिजलाय, त्याला आधी उचलायचं. ती आली, बाकावरून नजर फिरवत भाऊंपाशी थांबली आणि म्हणाली, “काका, आत चला.”

“माझ्याआधी ही सगळी माणसं आहेत.”

“इथे रांग नसते, काका. ज्याची तब्येत जास्त बिघडलेली, तो आधी.”

“आणि ते ठरवणार कोण?”

“मी.”

भाऊंचे डोळे लकाकले. इतका आयता मुद्दा त्यांना कारखान्याच्या मॅनेजरनेही कधी दिला नव्हता. एका माणसाच्या हाती सगळा निर्णय, त्याचे निकष काय, ते निकष भिंतीवर का लावलेले नाहीत, अशी त्यांची सरबत्ती सुरू झाली. डॉक्टर ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिने त्यांचं मनगट हातात घेतलं होतं. दुखणं हाताकडे जातं का, तिने विचारलं. हो, डाव्या, पण मुद्दा तो नाही. जबड्यात? जबड्यातसुद्धा, पण तुम्ही विषय बदलू नका. किती दुखतंय? बाकीच्यांच्या मानाने काहीच नाही.

तिने सिस्टरला ईसीजीचं मशीन बाहेरच आणायला सांगितलं. “बरं, आत नका येऊ,” ती भाऊंना म्हणाली. “शर्टाची बटणं तर उघडा, घाम आलाय तुम्हाला.” मग भाऊंना आडवं करायला जागा हवी म्हणून अख्खी रांग उठून उभी राहिली आणि भाऊ रांगेच्या बाकावर लांब झाले.

रांगेत पहिले होते ते सुरगाण्याकडचे एक आजोबा. पायाला फडकं गुंडाळलेलं. ते लंगडत पुढे आले. “भाऊ, पयला नंबर माझा हाय. तो मी तुला दिला. जा तू.”

“बाबा, नंबर देता येत नाही,” भाऊ दात आवळून म्हणाले. “आज देता आला, तर उद्या विकताही...”

वाक्य तिथेच राहिलं. भाऊंनी अर्ध्यात सोडलेलं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. हा माणूस आता, इथे, माझ्याच पत्रकापायी मरणार होता. रांग ही आम्ही चिठ्ठीवाल्यांवर उगारलेली काठी होती, आणि भाऊंनी ती स्वतःच्या छातीवर आडवी ठेवली होती.

भाऊंशी वाद घालून कोणी जिंकत नाही. पण सभेचे नियम ते मोडत नाहीत. मी बाकाच्या टोकाला उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, “भाऊंना सर्वांच्या आधी आत न्यावं, असा ठराव मी मांडते. अनुमोदन कोणाचं?”

“न्या की,” आजोबा म्हणाले. मी ते अनुमोदन धरलं.

जे बाजूने आहेत त्यांनी हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर गेले. प्लास्टर घातलेल्या एकाने दुसरा हात वर केला. आईने दोन्ही केले.

“दोन हात धरायचे नाहीत,” भाऊ पुटपुटले.

“लय झालं तुमचं,” आई म्हणाली. तिचे हात वरच.

विरोधात कोण, हे विचारायलाच हवं होतं. नाहीतर भाऊंनी ठराव मानला नसता. मी विचारलं. भाऊंनी वायरी लटकलेला उजवा हात वर केला.

“काका, हात खाली,” डॉक्टर म्हणाली. “ग्राफ बिघडतोय.”

त्या कागदी पट्टीवर मध्येच एक वेडंवाकडं जंगल उमटलं. तो भाऊंचा विरोध. पुढची पट्टी स्वच्छ आली. तिच्याकडे बघताना डॉक्टरचा चेहरा बदलला. अटॅक आहे, ती म्हणाली, होऊन गेलेला नाही, आत्ता चालू आहे.

“बहुमत मान्य आहे,” भाऊ म्हणाले, आणि स्ट्रेचर आलं.

पुढचं सगळं पळापळीत झालं. चावायला गोळ्या दिल्या, हातात सुई लावली. मग हृदयाचे मोठे डॉक्टर आले. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असणार, मांडीतून बारीक नळी घालून बघू आणि अडथळा दिसला तर तिथेच फुग्याने वाट मोकळी करून स्टेंट बसवू, असं त्यांनी सांगितलं. जितका उशीर होतो तितका हृदयाचा स्नायू मरत जातो, म्हणाले. मग विचारलं, इथे येऊन किती वेळ झाला? आईने माझ्याकडे पाहिलं.

बाहेर बसल्यावर तिने एवढंच विचारलं की तुझ्या पत्रकात एक अपवाद घालायला काय झालं होतं. मी देव मानत नाही, त्यामुळे मला हात जोडायचीही सोय नव्हती. मी नुसती दाराकडे बघत बसले.

मग दार उघडलं आणि आम्हाला काचेच्या अलीकडच्या खोलीत बोलावलं. टीव्हीसारख्या पडद्यावर भाऊंच्या हृदयाच्या नसा काळ्या रेघांनी उमटल्या होत्या. एक रेघ मध्येच संपत होती. पुढे काही नाही.

“छाटल्यासारखी दिसतीय,” आई म्हणाली.

हाच अडथळा, डॉक्टर म्हणाले, उघडतो. आम्हाला पुन्हा बाहेर काढलं. किती वेळ गेला कोण जाणे. परत बोलावलं तेव्हा पडद्यावर तीच नस होती, पण आता ती पार टोकापर्यंत उतरत गेली होती आणि शेवटी तिला बारीक बारीक डहाळ्या फुटल्या होत्या. आईने ते पुन्हा दाखवायला लावलं. डॉक्टरांनी पुन्हा दाखवलं.

काचेपलीकडे टेबलावर भाऊ जागेच होते. मलाही बघू द्या, असा त्यांचा क्षीण आवाज आला. तिथला पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांचं हृदय आकसत होतं, उमलत होतं, आणि त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एक नाही, दोन नाही. आईने काचेला हात टेकला. सकाळपासून ती त्यांना गप्प बसा म्हणत होती.

“हे बोलत का नाहीत?” तिने मला विचारलं, मग दाराच्या फटीतून आत ओरडली, “अहो, काहीतरी बोला.”

“बघतोय गं,” भाऊ म्हणाले. “जरा बघू दे.”